ढोल थांबल्यावरची पौर्णिमा



भाद्रपद पौर्णिमा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मोठ्या अडचणीच्या जागी येते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावात उरलेसुरले गणपती त्या दिवशी जातात आणि ढोलाचा आवाज रात्री उशिरापर्यंत डोंगराला धडकून परत येत राहतो. पौर्णिमा सरली की पितृपक्ष लागतो, घरोघर म्हाळाची बोलणी सुरू होतात. या दोहोंच्या मधे हा एकच दिवस आपल्या वाट्याला येतो. वर्षावासातली ही तिसरी पौर्णिमा. वैशाखीला मिरवणूक असते, आषाढीला धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, आश्विनीला वर्षावासाचा समारोप आणि वर्गणीचा हिशोब असतो. भाद्रपद पौर्णिमेला मंडप नाही, लाऊडस्पीकर नाही, मुंबईहून आलेले प्रमुख पाहुणे नाहीत. मला तरी ही पौर्णिमा त्यामुळेच अधिक आवडते.

आणखी एक कारण आहे. या दिवसांत घर भरलेले असते. गणपती आपण बसवत नाही, पण सुट्टी मात्र आपल्यालाही गणपतीचीच मिळते. मुंबईच्या गोदीत, गिरणीत, बेस्टमध्ये, महापालिकेत ज्यांनी जन्म काढला त्या आपल्या बापजाद्यांना वर्षातून दोनदा गाव दिसायचा, एकदा शिमग्याला आणि एकदा भाद्रपदात. तेव्हा एस.टी.च्या टपावर बोचकी बांधून रात्रभर घाट उतरायचा. १९९८ साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली तेव्हा प्रवास सोपा झाला, पण गर्दी तीच. गौरी-गणपती गेले की बहुतेक चाकरमानी परततात, तरी दोन-चार दिवस जास्त रजा टाकून राहणारे असतात. म्हणजे सून मुंबईची, आते पनवेलची, आजी गावची, आणि शहरातल्या नळाखाली वाढलेली नातवंडे विहिरीत डोकावून बघणारी, अशी सगळी एका ओटीवर सापडण्याचा हा दिवस आहे.

शेताचेही तसेच. आषाढी पौर्णिमेला आपल्या बायका गुडघाभर चिखलात लावणीला असतात. त्या दिवशी शांत बसा असे कोण कोणाला सांगणार? आश्विनात कापणी तोंडावर आलेली असते. भाद्रपदात मात्र बेणणी झालेली असते, भात पोटरीला आलेले असते किंवा पोसवायला लागलेले असते, आणि माणसाला बांधावर उभे राहून नुसते बघण्याखेरीज फारसे काम नसते. वर्षावासाची प्रथाही अशीच शेतातून आलेली आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत हिंडू लागले तेव्हा कोवळी पिके आणि बारीक जीवजंतू पायाखाली येतात अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. लोकांचे म्हणणे ऐकून आपल्या संघाची रीत बदलणारा हा शास्ता! आपल्याच दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी बौद्ध भिक्खूंची. अशा लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्खूंच्या पात्रात भात कोण घालत होते? शेजारच्या गावातली माणसेच की. त्या माणसांची नावे कुठे कोरलेली असोत नसोत, त्यांच्या भातावाचून ती लेणी नुसता दगड राहिली असती.

तर आता या दिवशी करायचे काय, असे एका भगिनीने मागे विचारले होते. कार्यक्रम नाही म्हटल्यावर आपल्याला चुकल्यासारखे होते. पहाटे उठावे, ओटी सारवावी अगर पुसावी, पांढरी वस्त्रे असली तर ती नेसावीत. तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती, अगरबत्ती आणि परसातली फुले. या दिवसांत सोनटक्का फुललेला असतो, त्याच्या वासापुढे विकतच्या अगरबत्तीचे काय चालणार? सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील घ्यावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथातली चार पाने वाचावीत, आणि ती घरातल्या सातवी-आठवीच्या मुलीने वाचावीत. अडखळली तर अडखळू द्यावे. बौद्धाचार्य वाडीत असले तर उत्तम, नसले तरी वंदना अडत नाही. भिक्खू तर आपल्या वाड्यांना क्वचितच लाभतात. रत्नागिरी शहरातला थिबा राजवाडा सगळ्यांनी पाहिलेला असेल. ब्रह्मदेशच्या या बौद्ध राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ साली थिबा इथेच वारला. तीस वर्षे! स्वतःच्या देशातले विहार आणि संघ समुद्रापलीकडे राहिले होते. तेव्हा आपल्या वाडीत भिक्खू नाहीत म्हणून धम्म थांबला असे म्हणणाऱ्याने त्या वाड्याकडे एकदा बघून यावे.

उपोसथाबद्दल थोडे. ज्यांना जमेल त्यांनी या दिवशी अष्टशील पाळावे, दुपारनंतर जेवू नये. पण उपोसथ म्हणजे उपास नव्हे. आपल्या काही घरांत पौर्णिमेला साबुदाण्याची खिचडी होते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साबुदाण्यावर माझा राग नाही, पण एकादशी दाराबाहेर घालवली आणि ती परसदाराने खिचडी होऊन आत आली असे व्हायला नको. आणि जी बाई दिवसभर दगडी उचलते, जिला साखर आहे किंवा जिच्या अंगावर मूल आहे, तिने दोन वेळचे नीट जेवावे आणि पाच शीले नीट पाळावीत. पाचवे शील तर घरातल्या पुरुषांनी. त्या एका दिवशी जरी बाटली घरात आली नाही तरी पुष्कळ घरे आपोआप शांत होतील. याहून अधिक लिहीत नाही. ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना कळते.

आता आजीच्या म्हाळाची गोष्ट सांगतो, कारण या दिवसाचा खरा पेच तिथे आहे.

आमच्या नात्यातल्या एका घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे. तिच्या लहानपणी घरात धर्मांतर झाले. दीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांत ती वाढली. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही त्यातलीच एक प्रतिज्ञा, आणि तिने ती आजवर पाळली. पण आजोबा गेल्यावर पहिलाच पितृपक्ष आला आणि म्हातारी खिन्न झाली. शेजारच्या वाडीत केळीच्या पानावर भात वाढलेला दिसला की ती आत येऊन बसायची. एक दिवस सुनेला म्हणाली, “त्यांच्या मान्सांना पान वाडलंय. आपल्या मान्साला काय?” मुलगा मुंबईत युनियनचे काम करणारा, कडक. तो म्हणाला, आई, कावळा कावळा असतो, बाबा नव्हेत. आजी म्हणाली, “ता मला ठावं हाय रे. कावळ्याचं इचारत न्हाय मी.”

बंधू-भगिनींनो, म्हातारीचा प्रश्न कावळ्याचा नव्हताच. साठ वर्षे ज्याच्याबरोबर नांगर धरला, ज्याने मुंबईहून मनिऑर्डरी पाठवल्या, त्याची आठवण वर्षातल्या कोणत्या दिवशी, कोणत्या हाताने, कोणासमोर करायची, एवढेच ती विचारत होती. आपल्यातले बरेच कार्यकर्ते अशा वेळी ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होतात. शब्द खोटा नाही, पण त्याने म्हातारीचे उत्तर होत नाही. जुनी रीत काढून घेतली तर त्या जागी काहीतरी ठेवावे लागते, नाहीतर जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेत जुनेच परत येऊन बसते.

आणि गंमत अशी की हे ठेवण्यासारखे आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. दीघ निकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सकाळी अंघोळ करून ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. का करतोस असे तथागतांनी विचारले, तर म्हणाला, वडील मरताना सांगून गेले. तथागतांनी त्याची चेष्टा केली नाही, की वडिलांच्या शब्दाचा अपमान केला नाही. दिशा कोणत्या ते फक्त समजावून सांगितले. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे, वरची म्हणजे श्रमण. मुलांनी आईबापांसाठी करायच्या ज्या पाच गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत, त्यांतली शेवटची अशी की ते वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ दान द्यावे. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर तयारच होते. आपण ते घरात आणले नव्हते, इतकेच. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात गृहस्थांसाठी, मुलांसाठी, शिष्यांसाठी, पतिपत्नींसाठी, मालक-नोकरांसाठी विनय स्वतंत्रपणे मांडला आहे. आपण पहिला खंड तेवढा पुन्हा पुन्हा वाचतो, सिद्धार्थाचे गृहत्याग प्रकरण आले की डोळे पुसतो, आणि पाचव्या खंडापर्यंत वर्षावास संपून जातो!

त्या घरी मग असे ठरले. भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे पितृपक्षाचा गलबला सुरू होण्याआधीच, आजोबांचे पुण्यानुमोदन करायचे. आजीने आपल्या पेन्शनच्या पैशातून वाडीतल्या शाळकरी मुलांसाठी वह्या आणि कंपासपेट्या आणवल्या. स्वतःच्या हाताने दिल्या. प्रत्येक मुलाला आजोबांचे नाव घ्यायला लावले, एकाने चुकीचे घेतले तर त्याला पुन्हा म्हणायला लावले. आणि सुनेला सांगितले, “कावळ्याला नको, पन भाजी तेंच्या आवडीची कर.” त्या दिवशी घरात सुक्या बांगड्याचे नाव नव्हते, अळूचे फदफदे होते. मुलगा काही बोलला नाही. बापाच्या आवडीची भाजी त्यानेच दोनदा मागून घेतली.

कृतज्ञता हा शब्द आपल्या तोंडी सहज येत नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्या पणजीच्या काळी गावचा महार खोताच्या दारात वेठीला उभा असायचा. येसकराने रात्री भाकरी मागून आणायची, ती वरून टाकली जायची, आणि ती झेलताना ‘मायबाप’ म्हणायचे. स्वतः राबून पिकवलेल्या भातातला अर्धा खोताच्या घरी पोचवायचा आणि वर त्याचेच उपकार मानायचे. ज्या समाजाकडून पिढ्यान्पिढ्या असे जबरदस्तीचे आभार वसूल केले गेले, त्याला ‘उपकार’ या शब्दाची शिसारी यावी यात नवल नाही. बाबासाहेबांनी हा धागा ओळखला होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत ते खोतीविरुद्ध बोलले, १९३७ साली खोती रद्द करण्याचे बिल आणले. कायद्याने खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमाराला, आणि महार वतन तर त्याहूनही नंतर, १९५८ च्या कायद्याने. जमीन आणि इमान दोन्ही गहाण होती, ती अशी सुटली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपल्या मुलांना ‘मोठ्या लोकांचे आभार मान’ असे वरवर शिकवू नये. पाली भाषेतला शब्द बघा. ‘कतञ्ञू’. कत म्हणजे केलेले, ञू म्हणजे जाणणारा. कोणी काय केले ते ज्याला ठाऊक आहे तो कतञ्ञू. यात वाकणे नाही, मायबाप म्हणणे नाही. उलट खोताच्या घरी ते ज्ञान नव्हते. भात कोणी पिकवला हे तो जाणत नव्हता, किंवा जाणून अजाण होत होता. उपकार विसरलेला तोच होता! जगात दोन माणसे दुर्मीळ असतात, आपण होऊन आधी दुसऱ्यासाठी करणारा आणि केलेले जाणून ते फेडणारा, असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. त्याच निकायात असेही आहे की आईबापांना दोन खांद्यांवर घेऊन शंभर वर्षे वागवले तरी त्यांचे ऋण फिटत नाही. श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांत त्यांना स्थिर केले तरच ते फिटते. आमच्या त्या आजीला कंपासपेट्या वाटायला लावणारी सून शाळेत सहावीपर्यंत गेलेली. तिने हे सुत्त वाचलेले नाही.

राबणाऱ्यांच्या दिशेबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. मालकाने नोकरासाठी काय करावे याची यादी सिगालोवाद सुत्तात आहे. झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, आणि वेळेवर सुट्टी द्यावी. वेळेवर सुट्टी! आपल्या पूर्वजांना ती मिळत नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात १९४५ साली कारखाना कायद्यात पगारी रजेची तरतूद आली आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ओटीवर बसून आपण पौर्णिमेची शांती अनुभवतो, तिच्या मागे असे कायद्याचे कागद आहेत. ज्यांना आजही रजा भरपगारी मिळत नाही, रोजंदारीवर एक दिवस बसले की एक दिवसाची चूल बसते, अशी माणसेही आपल्याच वाडीत आहेत. त्यांच्या घरी पौर्णिमा संध्याकाळी सुरू होते. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत.

आता माता रमाईंचे. वणंद हे त्यांचे गाव, दापोलीजवळ. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. दोन्ही आपल्या जिल्ह्यातली. रमाईंचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात नेत. आई लवकर गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि पोरके झालेले हे मूल मामा-काकांबरोबर मुंबईला आले. पुढचा संसार सगळ्यांना माहीत आहे. पाच मुले झाली, त्यांतला यशवंत तेवढा जगला. साहेब लंडनला अभ्यास करीत होते तेव्हा इकडे चूल कशी पेटत होती हे त्या माउलीलाच ठाऊक. त्यांना एकदा पंढरपूरला जायचे होते. साहेबांनी नाही म्हटले. ज्या देवळाच्या पायरीबाहेर उभे राहावे लागते तिथे कशाला जायचे, आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, अशी त्यांची समजूत घातली. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाईंचे निधन झाले. १९४० साली बाबासाहेबांचा पाकिस्तानवरचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. एवढा राजकारणाचा, आकडेवारीचा ग्रंथ, आणि त्याच्या पहिल्या पानावर बायकोच्या मनाचा चांगुलपणा आणि हलाखीच्या दिवसांत बरोबरीने सोसण्याची तिची तयारी यांची नोंद. मोठा माणूस होता म्हणून हे लिहिता आले. पण रमाई ते वाचायला नव्हत्या, आणि इंग्रजी त्यांना येतही नव्हते. हे लिहिताना साहेबांच्या मनात काय आले असेल?

दुसरी नोंद अधिक अवघड आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढवल्याबद्दल पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांचे आभार मानले होते. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजी ग्रंथ छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. माईसाहेबांबद्दल आपल्या समाजात किती कडूपणा होता ते जुन्या माणसांना आठवत असेल. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने मानलेले आभार वाचकांपासून दूर राहिले, ही गोष्ट कतञ्ञू म्हणवणाऱ्या समाजाला शोभणारी नव्हती असे मला वाटते. घरातही असेच होते. सासऱ्याने सुनेचे कौतुक केले तर ते मुलाच्या कानापर्यंत पोचत नाही, मधेच कोणीतरी गाळते.

भांडणाचा विषय निघालाच आहे तर हेही. बांगलादेशात चितगावकडचे बौद्ध बांधव भाद्रपद पौर्णिमेला मधू पौर्णिमा म्हणतात. कोसंबीच्या भिक्खूंत तट पडले होते. कारण काय, तर शौचाच्या जागी भांड्यात उरलेले पाणी. तथागतांनी समजावले, कोणी ऐकेना. तेव्हा ते एकटेच उठून पारिलेय्यक वनात गेले आणि तिथे त्यांनी वर्षावास केला. एका हत्तीने त्यांची सेवा केली आणि एका माकडाने मधाचे पोळे आणून दिले, अशी कथा आहे. इकडे कोसंबीच्या उपासकांनी भांडकुदळ भिक्खूंना भिक्षा देणेच बंद केले, तेव्हा ते वठणीवर आले. आपल्या वाडीत शाखा एक आणि गट तीन, विहाराची किल्ली कोणाकडे यावरून दोन वर्षे बोलणे बंद, असे ज्यांच्याकडे असेल त्यांनी ही कथा या दिवशी जरूर वाचावी. मध बाजारात मिळतो.

शेवटी एका घरची पद्धत सांगतो, करून बघण्यासारखी आहे. पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली की ते सगळे गोल बसतात आणि गेल्या महिन्यात आपल्यासाठी कोणी काय केले ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचे. सुरुवात लहानांपासून. देवाने दिले, नशिबाने मिळाले, असे चालत नाही, माणसाचे नाव घ्यावे लागते. एक मुलगा म्हणाला, एस.टी.च्या कंडक्टरने मी पळत येताना बघून बेल मारली नाही. एक मुलगी म्हणाली, आतेने मला सायकल शिकवली आणि पडले ते आईला सांगितले नाही. आई तिथेच बसली होती! आजोबांनी दवाखान्यातल्या नर्सबाईचे नाव घेतले. थोरल्या मुलाने बाबासाहेबांचे नाव घेतले, तेव्हा आजोबा म्हणाले, त्यांचे नाव रोजचेच आहे, गेल्या महिन्यातले सांग. तो गप्प झाला. मग बराच वेळाने म्हणाला, शेजाऱ्यांनी आमच्या वाफ्यातले पाणी काढून दिले, मी मुंबईत होतो.

पाळी वहिनींकडे आली. त्या म्हणाल्या, माझे सोडा. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा त्या उठता उठता म्हणाल्या, “शांत दिवस, शांत दिवस म्हणताय. सकाळपासून बावीस माणसांचा चहा झाला, दोन वेळचा भात झाला, खिरीचं पातेलं अजून घासायचंय. माझ्यासाठी कोणी काय केलं ते मलाही आठवेना झालंय.” हसत म्हणाल्या, म्हणून आधी सगळे हसले. मग कोणी हसले नाही.

पुढच्या पौर्णिमेला, म्हणजे आश्विनात, त्या घरच्या पुरुषांनी स्वयंपाक केला. पिठले आणि भात. भात खाली लागला, पिठल्यात मीठ दोघांनी दोनदा टाकले. वहिनी ओटीवर बसून होत्या आणि दर पाच मिनिटांनी आतून कोणीतरी विचारत होते, हिंग कुठे ठेवलाय? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून सांगितले, “डब्यांवर नावं लिवलेली हायत. वाचा.”